कामाचा तक्ता तुझ्याकडे घे

प्रश्न : ताई, नमस्कार. मी पुण्याची. सध्या अमेरिकेत, मिडवेस्टातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. अकरावी-बारावीला जर्मन होतं, मार्क भरपूर पडले, पुढे बी-१ ची, म्हणजे मधल्या पातळीची परीक्षाही पास झाले. त्या भरवशावर ऑगस्टमध्ये कॅम्पसवरच्या जर्मन हाउसमध्ये खोली घेतली. जुनं दोन मजली घर आहे. वर आम्हा मुलामुलींच्या खोल्या. खाली मोठं स्वयंपाकघर, जेवणाची खोली, पुस्तकांची कपाटं आणि एक दिवाणखाना. कॉलेजचे जर्मन कार्यक्रम तिथेच होतात. येताना एका कागदावर सही केली की तळमजल्यावर जर्मनच बोलायचं.

प्रत्यक्षात स्वयंपाकघरात सगळे इंग्रजीच बोलतात. जर्मनीहून आलेली भाषा-सहायक मुलगी आत आली की एकदम जर्मन सुरू होतं आणि नेमकी तेव्हाच माझी वाचा बसते. मनात वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. गुरुवारी काफेश्टुंडे असतो, म्हणजे कॉफी-केक-गप्पा. तेव्हा मी बशी घेऊन कपाटापाशी उभी राहते आणि पुस्तकं चाळतेय असं दाखवते. इथे कुणाची आजी म्युनिकची, कुणी शाळेचं एक वर्ष हॅम्बुर्गला काढलेलं. परीक्षेपुरतं शिकलेली मी एकटीच.

माझी रूममेट जर्मनीहून एका सेमिस्टरसाठी आली आहे. ती थंडीत रात्री खिडकी सताड उघडते, त्यावरून आमची रोज कटकट होते. मागच्या आठवड्यात फ्रिजवर जर्मनमध्ये चिठ्ठी लागली, कुणाचं नाव न घेता, की उग्र वासाचं काही करताना स्वयंपाकघराचं दार लावून घ्यावं. घरात फोडणी फक्त मी करते. बाबा म्हणतात, जर्मन पुरे, कोडिंगकडे लक्ष दे. जानेवारीत जवळच्या एका फ्लॅटमध्ये जागा होतेय. तिथे भारतीय मुली आहेत, एक तर साताऱ्याची. जाऊ का?

(एक सहज विचारते. आमच्या दारावर माक्स काडे असं नाव कोरलंय. तो कोण, हे घरात कुणालाच सांगता आलं नाही.)
— घुमी

उत्तर :

अगं घुमे,

(टोपणनाव तूच घेतलंस, म्हणून वापरते.)

निकाल आधी सांगते, कारणं मग. मे महिन्यापर्यंत तिथेच राहा. मात्र आत्ता राहतेस तशी राहू नकोस.

तुझी वाचा बसते यात नवल नाही. पुण्यात अकरावीला जर्मन घेणाऱ्यांत मार्कांसाठी घेणारे किती असतात हे तुलाही ठाऊक आहे आणि मलाही. त्यांना शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तो सगळा कारभार कागदावरचा. बी-१ मध्ये वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग असतात आणि प्रत्येकात शंभरपैकी ६० लागतात, तेव्हा तू तिथे बोलली असणारच. पण ते बोलणं कसलं? आधी तयारीला पंधरा मिनिटं मिळतात. मग समोरच्या उमेदवाराबरोबर एखादा बेत ठरवायचा, दिलेल्या विषयावर थोडं बोलायचं, एखाद-दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायचं. तुझं वाक्य पुरं होईपर्यंत परीक्षक मान डोलावत थांबतात. स्वयंपाकघरात कोण थांबतंय? तिथे चौघं एकदम बोलतात, अर्धी वाक्यं तशीच सोडून देतात, मधेच कुणाला तरी जुना विनोद आठवतो आणि सगळे हसत सुटतात. टोळक्यातल्या चेष्टामस्करीत भाग घेणं ही परक्या भाषेतली सगळ्यात अवघड गोष्ट. बी-१ वाल्याला ती जमत नाही, बी-२ वाल्यालाही जमेलच असं नाही. आणि तू स्वतःला नेमकी तिथेच जोखते आहेस.

काफेश्टुंडेचं दुःख तर मनातून काढूनच टाक. ते लग्नाचं रिसेप्शन आहे गं. हातात बशी, चेहऱ्यावर हसू आणि तोंडात तीच चार वाक्यं : कशी आहेस, कोणते कोर्स घेतलेस, केक छान झालाय, हवा काय थंड पडलीय. निम्मी मुलं हजेरीचे मार्क मिळतात म्हणून आलेली असतात. तू जरूर जा. प्राध्यापकांना भेट, गावातले एखादे जर्मन आजोबा येत असतील तर त्यांच्याशेजारी बस, केक खा. दुपारच्या कॉफीबरोबर केक खाण्याचा जर्मन रिवाज मला तर आपल्या चारच्या चहा-बिस्किटापेक्षा काकणभर जास्तच आवडतो. पण भाषा तिथे सुटेल अशी आशा धरू नकोस.

अशा घरात भाषा सुटते ती कामाच्या निमित्ताने. तरुणपणी मीही अशाच एका घरात राहिलेय आणि पुढे तशा घरांतून परतलेली बरीच मुलं पाहिलीयत. ज्यांची जर्मन खरोखर सुटली त्यांच्यात हुशार कोण आणि ढ कोण, हे आता सांगता येणार नाही. पण जवळजवळ प्रत्येकाच्या गळ्यात घरातलं एखादं कंटाळवाणं काम पडलेलं होतं. कुणाकडे सामायिक जेवणाचा किराणा, कुणाकडे वर्गणीचा हिशेब, कुणाकडे बाटल्या आणि कचरा.

तू पुट्सप्लान घे. जर्मनीत चार जण एका घरात राहायला लागले की साफसफाईचा हा तक्ता पहिल्या आठवड्यातच भिंतीवर चढतो : ओटा कोणाकडे, न्हाणीघर कोणाकडे, कचरा कोणाकडे. तुमच्याकडेही असणार आणि माझा अंदाज असा की सप्टेंबरपासून त्याच्याकडे कुणी बघितलेलं नसणार. घराच्या पुढच्या बैठकीत सांगून टाक की हे मी बघते. 'इश माखे दास.' तीन शब्दांचं वाक्य आहे, तेवढ्यासाठी धीर गोळा करता येईल.

तक्ता हातात आला की काय होतं बघ. तुला विषय शोधत बसावं लागत नाही, माणसं आपणहून येतात. समोर एका वेळी एकच जण असतो आणि वाक्यं तीच तीच फिरून येतात. 'वेर इस्ट हॉइटे ड्रान?' आज कोणाची पाळी? 'वो कॉम्ट दास हिन?' हे कुठे ठेवायचं? 'दी मिल्श इस्ट आले.' दूध संपलं. 'हास्ट डू शोन आपगेवाशन?' भांडी घासलीस का? ही वाक्यं परीक्षेत कुणी विचारत नाही, पण जर्मन बोलणाऱ्या घरात दिवसातून दहादा कानावर पडतात. एका वहीत अशी वीसेक उतरव. भाषा-सहायक मुलीकडून तपासून घे आणि फडताळाच्या दाराला आतून चिकटव. आणखी दोन वाक्यं लागतील : 'नोख माल, बिटे' आणि 'लांगसामर, बिटे'. पुन्हा सांग आणि हळू बोल. ती म्हणायची लाज वाटू देऊ नकोस. तक्ता सांभाळणाऱ्या बाईने दोनदा विचारलं तर तिला कुणी मठ्ठ समजत नाही, काटेकोर समजतात. जर्मन लोकांत तर ही तारीफच.

मग बहाणे सुरू होतील. उद्या परीक्षा आहे म्हणून आज ओटा पुसणार नाही, वगैरे. ते ऐक, कारण 'वाइल' म्हणजे 'कारण', आणि त्याच्यामागून येणारं क्रियापद वाक्याच्या टोकाला जाऊन बसतं. अमेरिकन मुलं तिथेच धडपडतात. आपलं क्रियापद जन्मापासून टोकालाच असतं. तीन लिंगांचंही तसंच. तो, ती, ते आपल्याला घरचेच. (अर्थात आपलं टेबल नपुंसक आणि त्यांचं पुल्लिंगी, त्यामुळे पाठांतर काही सुटत नाही.) विभक्ती म्हटल्यावर तुझ्या पोटात गोळा येत नाही. 'त्साइट' किंवा 'त्सिमर'मधला पहिला आवाज म्हणजे आपल्या चमच्यातला च, तो तर तुला फुकटच मिळालाय. म्युनिकच्या आजीवाल्या मुलाचे उच्चार झोकदार असतील, पण नीट कान दे. आजीकडून आलेल्या भाषेत व्याकरणाची भोकं बरीच असतात. दिसली तरी त्याला सांगायला जाऊ नकोस. मनातल्या मनात खूश हो, तेवढं पुरे.

आता स्वयंपाकघरातल्या इंग्रजीबद्दल. सही करूनही मुलं इंग्रजी बोलतात म्हणून तू खट्टू झालीयस. त्यामागचं कारण ऐकलंस तर राग थोडा निवळेल. अमेरिकेतल्या कॉलेजांत जर्मन शिकणाऱ्यांची संख्या २०१६ साली सुमारे ८०,००० होती, ती २०२१ पर्यंत ५४,००० च्या आत आली. पाच वर्षांत तिसरा हिस्सा गळाला. जर्मन विभागच रोडावल्यावर जर्मन हाउसच्या खोल्या भरायच्या कशा? मग एका सेमिस्टरचं जर्मन केलेला येतो, स्वयंपाकघर मोठं आहे म्हणून कुणी येतो, मुख्य वसतिगृहातला गोंगाट नको म्हणून कुणी. त्यांच्यावर चिडून उपयोग नाही. ती नसती तर कदाचित घरही राहिलं नसतं.

व्हरमाँटमधल्या मिडलबरी कॉलेजचं उदाहरण लोक नेहमी देतात. तिथली उन्हाळी जर्मन शाळा १९१५ साली सुरू झाली आणि तिथे मुलं शपथेवर सही करतात : शिकायची ती भाषा सोडून दुसरी बोलायची नाही, ना वर्गात, ना जेवताना, ना खेळताना. शपथ पाळतातही. पण तो कारभार उन्हाळ्यातल्या मोजक्या आठवड्यांचा आहे, आणि सगळे त्याच एका कामासाठी आलेले असतात. तुमच्या घरात मुलं रात्री अकराला केमिस्ट्रीचा रिपोर्ट उरकून उपाशीपोटी खाली येतात. त्या वेळी त्यांना जर्मन बोला म्हणणाऱ्याच्या अंगावर कुणीही धावून येईल. तू पोलीस होऊ नकोस. त्यापेक्षा बैठकीत असं सुचव की आठवड्यातली दोन रात्रींची जेवणं जर्मनमध्ये, ताट वाढल्यापासून भांडी घासून होईपर्यंत, बाकी वेळी ज्याला जे हवं ते. नियम छोटा असला की लोक पाळतात. त्यातही भांडी घासण्याचा भाग सोडू नका, खरं बोलणं तिथेच होतं. हात गुंतलेले असतात, कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नसतं, मधे गप्प राहिलं तरी चालून जातं. तुझ्यासारखीला याहून सोयीची जागा नाही. जोडीला ती सहायक मुलगी किंवा तुझी रूममेट घे.

जेवणानंतर कुणी खेळायला बसत असेल तर उठून वर जाऊ नकोस. जर्मन घरांत पटावरच्या खेळांचा नाद फार. 'मेन्श एर्गेरे डिश निश्ट' नावाचा खेळ कपाटात नक्की सापडेल, १९१४ पासून तिकडे घरोघर आहे. पट उघडलास की ओळखशील. आपल्या पचिसीच्याच खानदानातला, आपल्याकडच्या लुडोचा चुलतभाऊ. नावाचा अर्थ 'अरे माणसा, रागावू नकोस', आणि लोक मनसोक्त रागावतात. आकडे, पाळी, सोंगटी मारल्याची आरडाओरड, एवढीच भाषा लागते, आणि तुझा त्यातला सराव तर लहानपणापासूनचा आहे.

सहायक मुलीबद्दल थोडं. ती आली की तुला परीक्षक आल्यासारखं वाटतं. पण विचार कर, तीही विशीतलीच असणार, घरापासून हजारो किलोमीटरवर, दिवसभर दुसऱ्यांची मोडकी जर्मन ऐकत बसलेली. तिच्याकडे मदत मागायची तर नेमकी माग. 'माझ्या चुका सांग' म्हणालीस की ती एकतर काहीच सांगणार नाही किंवा दर शब्दाला अडवेल, आणि दोन्हींनी तू गप्पच होशील. या पंधरवड्यात फक्त क्रियापदाची जागा बघ, पुढच्या पंधरवड्यात फक्त आर्टिकल, असं ठरवून घे. आणि घरात सगळ्यांना 'डू', म्हणजे 'तू' म्हणायचं, तिलाही. प्राध्यापक आले की 'झी', म्हणजे आदराचं 'तुम्ही', त्यांनीच वेगळं सांगेपर्यंत.

तुझ्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली गोष्ट वेगळीच आहे. जर्मनीत वाढलेली मुलगी तुझ्यापासून तीन हातांवर झोपते, तुम्ही दोघी खिडकीवरून रोज भांडता, आणि ते भांडण बहुधा इंग्रजीत होतं! अगं, तेच जर्मनमध्ये कर. भांडताना माणूस व्याकरणाकडे बघत नाही, त्यामुळे बोलता येतं.

खिडकीचं मूळ असं की तिकडची घरं थंडीसाठी बंदिस्त बांधलेली असतात. आतला दमटपणा बाहेर गेला नाही तर भिंतींना बुरशी धरते. त्यामुळे दिवसातून दोन-तीनदा खिडक्या पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटं वारं खेळवायचं, त्याला ते श्टोसल्युफ्टन म्हणतात, ही लहानपणापासूनची सवय. तिकडच्या भाडेकरारांतसुद्धा याची कलमं सापडतात. पण त्यातली ग्यानबाची मेख ही की खिडकी उघडायची ती थोडाच वेळ, हीटर बंद करून, आणि मग घट्ट लावायची. रात्रभर उघडी ठेवणं त्यात बसत नाही, ती तिची स्वतःची आवड. तेव्हा तिच्याच शास्त्राने तिला सांग : झोपायच्या आधी दहा मिनिटं सताड, मग बंद. हे तिला पटेल, कारण नियम तिच्या ओळखीचा आहे. आणखी एक. ती एका सेमिस्टरसाठी आलीय ना? म्हणजे नाताळाला ती घरी चालली. जानेवारीत जे टाळायला तू फ्लॅटवर जाणार, त्यातलं निम्मं तोवर विमानाने गेलेलं असेल.

फ्रिजवरच्या चिठ्ठीने तुला लागलं, हे समजू शकते. नाव नाही आणि रोख मात्र स्पष्ट, पुण्यातल्या सोसायटीच्या फलकावर असतं तसंच. पण एकत्र राहणाऱ्या जर्मन मुलांत चिठ्ठ्या लावण्याची पद्धत सर्रास आहे. दुधावर, सायकलीवर, वॉशिंग मशीनवर, कुठेही. अपमान करायचाच हेतू असेल असं त्यावरून धरू नये. उत्तरादाखल दुसरी चिठ्ठी लावू नकोस, नाहीतर फ्रिजचं दार दिसेनासं होईल. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर सरळ म्हण : ती मोहरी माझी होती, यापुढे दार लावते, पंखा चालू करते, आणि नंतर खिडकी उघडते. खिडकी उघडते म्हटल्यावर टाळ्या पडतील. हिंगाची डबी दुहेरी झाकणाच्या बरणीत ठेव आणि तेलाचा धूर होईपर्यंत थांबू नकोस. धुराचा अलार्म वाजून सगळं घर मध्यरात्री अंगणात उभं राहिलं तर मी तुझ्या बाजूने काही लिहू शकणार नाही.

फोडणी सोडू मात्र नकोस. एका शनिवारी सकाळी पोहे कर आणि दोघांना हाताशी घे. कांदा चीर, पोहे भिजव, पण फार नको, शेंगदाणे परत, मीठ आत्ता नको, हे सगळं तुला जर्मनमध्ये सांगावं लागेल आणि समोरच्याला ते करावं लागेल. चुकीचं सांगितलंस तर पोह्यांचा लगदा होईल, म्हणजे चूक तिथल्या तिथे दिसेल. दिवाळीचा मोठा कार्यक्रम, पॉवरपॉइंट, साडी वगैरे करायला कुणी सुचवलं तर तुझ्या मनात असेल तरच कर. घरात एक भारतीय आहे म्हणून तिने वर्षभर भारत सादर करत राहावं, असं काही त्या करारात लिहिलेलं नाही.

आता दारावरचा माणूस. हा प्रश्न तू कंसात टाकलास, पण तोच तुझ्या फार उपयोगाचा आहे. माक्स काडे १८८२ साली दक्षिण जर्मनीत, श्वेबिश हालजवळच्या श्टाइनबाख गावी जन्मला. तरुण वयात अमेरिकेत आला आणि खोकल्याच्या औषधावर श्रीमंत झाला. त्या औषधाचं नाव पेर्टुसिन. डांग्या खोकल्यावर द्यायचे, त्यात थाइम नावाच्या झाडपाल्याचा अर्क असायचा. १९४४ साली, दुसरं महायुद्ध चालू असताना, त्याने आणि बायकोने न्यूयॉर्कमध्ये प्रतिष्ठान स्थापलं. पुढे त्या पैशातून अमेरिकेतल्या कितीतरी कॅम्पसवर जर्मन घरं आणि केंद्रं उभी राहिली, आणि जर्मनीत विद्यार्थ्यांची वसतिगृहं. स्टुटगार्टमध्ये त्याच्या नावाची विद्यार्थ्यांची उंच इमारत आहे. १९६७ साली तो वारला.

त्याच्या आधीची गोष्टही ऐकून ठेव, कारण तुझ्या घरातल्यांना तीही ठाऊक नसणार. १९१५ च्या सुमाराला अमेरिकेतल्या हायस्कूलमधली जवळपास चौथाई मुलं जर्मन शिकत होती. पहिल्या महायुद्धात अमेरिका उतरली आणि ती भाषा शत्रूची ठरली. शाळांनी वर्ग बंद केले, राज्यांनी कायदे केले. नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये आठवीपर्यंतच्या मुलांना परकी भाषा शिकवायलाच बंदी घातली. रॉबर्ट मायर नावाच्या एका शाळामास्तरांनी दहा वर्षांच्या मुलाला बायबलमधल्या गोष्टी जर्मनमध्ये वाचायला शिकवल्या, म्हणून त्यांना २५ डॉलर दंड झाला. मास्तर गप्प बसले नाहीत. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९२३ साली तो कायदा रद्द झाला. पण तोवर शाळांमधून जर्मन जवळजवळ पुसली गेली होती. काडेच्या पैशाने नंतर जे केलं त्याचं मोल कळायला ही पार्श्वभूमी लागते.

हे सगळं आठ-दहा सोप्या जर्मन वाक्यांत लिहून काढ. भूतकाळ, सालं, साधी क्रियापदं, एवढंच लागेल. सहायक मुलीकडून तपासून घे आणि मोठ्याने म्हण, तोंडात बसेपर्यंत. मग पुढच्या गुरुवारी बशी घेऊन कपाटापाशी न जाता दाराशी उभी राहा, आणि कुणी नवखं आलं की विचार : ही पाटी कोणाची, माहितीय? बोलणं तू सुरू केलंस की विषय तुझ्या हातात राहतो आणि समोरचा ऐकणारा होतो. खोकल्याच्या औषधावर सगळे हसतातच. आठवडाभर हे केलंस तर प्राध्यापक पाहुण्यांना घर दाखवायला तुलाच बोलावतील. अशा घरांत कार्यक्रमांची किंवा घराची देखरेख करणाऱ्या विद्यार्थ्याला कधीकधी मानधन असतं, त्याचीही चौकशी कर. एफ-१ व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत कॅम्पसवरचं काम करता येतं. हाती घेण्यापूर्वी परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसात विचारून घे.

बाबांना काय सांगायचं? त्यांची काळजी खोटी नाही, फी तेच भरताहेत. त्यांच्याशी भाषेच्या गोडीबद्दल वाद घालू नकोस, व्यवहाराचं बोल. ऱ्होड आयलंड विद्यापीठात १९८७ पासून इंजिनिअरिंग आणि जर्मन अशा दोन पदव्या एकत्र देणारा पाच वर्षांचा अभ्यासक्रम चालतो, त्यात एक वर्ष जर्मनीत जातं. म्हणजे ही जोडी काही तुझ्या डोक्यातून निघालेलं खूळ नव्हे. डाड या जर्मन संस्थेची राइज नावाची योजना आहे. अमेरिकेतल्या कॉलेजांत विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलांना ती उन्हाळ्यात जर्मनीतल्या संशोधन गटांत पाठवते आणि भत्ताही देते. तिचे यंदाचे नियम आणि अर्जाची मुदत आत्ताच बघून ठेव. पुढे मास्टर्ससाठी जर्मनीचा विचार असेल तर तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही किंवा नावापुरती आहे. सगळीकडे मात्र नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. हे आकडे बाबांपुढे ठेव. आणि कोडिंगचे मार्क घसरले असतील तर आधी ते सावर, मग फोन कर. घसरलेल्या मार्कांवर कुठलाही युक्तिवाद चालत नाही.

साताऱ्याच्या मुलीकडे रविवारी जेवायला जा. दर रविवारी जा. तिथे पोटभर मराठी बोल, भाकरी खा, खिडकीबद्दल तक्रार कर. मराठी बोलल्याने जर्मन बिघडत नाही, उलट आठवड्यातून एकदा न अडखळता बोलायला मिळालं की सोमवारी अडखळायची भीती कमी होते. बिऱ्हाड तिकडे हलवलंस तर मात्र जर्मन हाउसमध्ये तू फक्त गुरुवारी दिसशील, म्हणजे नेमकी काफेश्टुंडेपुरती. जिथे तुला सगळ्यात जास्त त्रास होतो, तेवढंच हाती उरेल.

माझं 'राहा' एका बाबतीत मागे घेते. कुणी तुझ्या बोलण्याची नक्कल करत असेल, वासावरून किंवा रंगावरून टोमणे मारत असेल, किंवा या सगळ्यापायी तुझी झोप आणि जेवण सुटलं असेल, तर भाषेचा विचार बाजूला ठेव, घराच्या जबाबदार व्यक्तीला सांग आणि खुशाल नीघ. तुझ्या पत्रात मला तसं काही दिसलं नाही, पण पत्रात माणूस सगळंच लिहितो असं नाही.

तेव्हा या आठवड्यात दोन कामं कर. हाउसिंग ऑफिसला ईमेल करून विचार की वर्षाच्या मधे खोली सोडली तर करारानुसार किती पैसे जातात आणि अर्जाची शेवटची तारीख कोणती. बऱ्याच कॉलेजांत करार पूर्ण वर्षाचा असतो, आणि फ्लॅटचं भाडं देऊन वर इथलंही भरायचं हे बाबांना कळलं तर तुझं जर्मन त्यांना एकदम स्वस्त वाटायला लागेल. आणि घराच्या बैठकीआधी तक्त्याचं बोलून ठेव. डिसेंबर तोंडावर आलाय. ५ तारखेच्या रात्री निकोलाउससाठी, म्हणजे खाऊ आणणाऱ्या संतासाठी, सगळे खोलीच्या दाराबाहेर बूट ठेवतील. त्यात अक्रोड, संत्री आणि चॉकलेट कोण भरणार, हे अजून कुणी ठरवलं नसेल. तेही तुझ्याच नावावर लिहून घे, आणि खरेदीला जाताना सहायक मुलीला बरोबर ने.

— तुझी ताई